परकी आजी

४ फेब्रुवारी

दादा,

मायना काय घालावा यात दोन कागद फुकट गेले, म्हणून या तिसऱ्यावर नुसतंच दादा. तीर्थरूप वगैरे लिहिलं असतं तर तू हसला असतास. हसलास तर मला हवंच आहे, पण मला ते दिसणार नाही, मग उपयोग काय.

आई बरी आहे. गुडघ्यावरून कुरकुर करते, पण शिवण सोडत नाही. तिचं मशीन हल्ली असं खडखडतं की खालच्या मजल्यावरचे विचारायला येतात. मी एका दुरुस्तीवाल्याला घरी आणलं, तर तिने त्याला दारातूनच वाटेला लावलं. "माझ्या मुलाचं दुकान आहे शिवणयंत्रांच्या दुरुस्तीचं," म्हणाली. ते दुकान आगगाडीने पुरा एक दिवस लांब आहे आणि मुलगा बारा वर्षांत घरी आलेला नाही, हे काही तिने त्या बिचाऱ्याला सांगितलं नाही.

आता मुद्द्यावर येते. तू म्हणशील घाईबाईने चक्क दोन परिच्छेद कळ काढली.

आपल्या बंदर कार्यालयात नव्या संचालकबाई आल्या आहेत. तुझ्या वेळचे मोठे साहेब कधीच निवृत्त झाले. बाई आल्या त्या आल्या मशीनच्या खोलीत गेल्या, जुन्या संगणकाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "हे अजून चालतं?" मी म्हटलं, चालतं. "मार्चअखेर भंगारात काढायचं आहे. नवं मशीन आलंय. याच्यावर काय काय आहे?" मी सांगितलं की भरती-ओहोटीची सगळी कोष्टकं याच्यावरच तयार होतात, कुठल्या दिवशी किती वाजता धक्क्याला किती पाणी असेल ते. त्यांनी विचारलं, प्रोग्रॅम कुठल्या भाषेत आहेत?

"आमच्याच," मी म्हटलं.

"आमच्याच म्हणजे?"

"माझ्या भावाने केलेल्या. कंपायलर, म्हणजे ती भाषा यंत्राच्या आकड्यांत नेणारा दुभाष्या, तोही त्याचाच."

त्यांनी खुर्ची ओढली. मला वाटलं आता विषय निघणार, आणि निघालाच. कुणीतरी त्यांना आधीच सांगितलं होतं की बारा वर्षांपूर्वी फेरीबोट खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतली, आडवी झाली, कप्तानकाकांची कंबर मोडली, आणि भरतीचं कोष्टक करणाऱ्याने चौकशी समितीपुढे स्वतःहून सांगितलं की चूक माझ्या कंपायलरची आहे. बाई वाईट नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "मला कबुली नको, खुलासा हवा. तो दुभाष्या खरं बोलतो की खोटं, हे मार्चअखेरपर्यंत दाखवा. खरं बोलत असेल तर नव्या मशीनवर न्या. नाहीतर आपण तयार प्रोग्रॅम विकत घेऊ आणि हे सगळं टाकून देऊ."

टाकून दिलं की संपलं. मग तुलाही कधी कळणार नाही आणि मलाही नाही. मी इतकी वर्षं तुझ्या कबुलीवर विश्वास ठेवला नाही आणि अविश्वासही दाखवला नाही, दुसरं साधन नव्हतं म्हणून त्याच्यावरच कोष्टकं छापत नुसती रोज त्या मशीनसमोर बसत आले. आता मात्र मला बघायचं आहे.

म्हणून विचारते, उघडू का? नको असेल तर लिही. आठवड्याभरात पत्र आलं नाही तर मी होकार धरीन. आठवडा तुला कमी वाटेल, पण तुझं दर वेळचं काही न लिहिणं मी बारा वर्षं धरून चालले आहे.

तुझी,
घाईबाई


१९ फेब्रुवारी

दादा,

पत्र आलं नाही. होकार धरला.

बाईंना आधी सगळं पहिल्यापासून समजावून द्यावं लागलं. त्या हिशेब-तपासणीच्या कामातून आल्या आहेत, संगणकाशी त्यांचा संबंध हात जोडण्यापुरता. मी सांगितलं की एके काळी माणसं यंत्राला थेट आकड्यांत हुकूम द्यायची, कारण यंत्राला आकड्यांपलीकडे काही कळत नाही. मग त्या आकड्यांना नावं दिली, म्हणजे निदान वाचता तरी यावेत. मग कुणाच्या तरी मनात आलं की माणसाच्या भाषेतून आकड्यांत नेण्याची ही हमाली यंत्राच्याच गळ्यात का मारू नये. तेव्हा मुरलेल्या लोकांनी नाकं मुरडली होती. यंत्राने केलेलं भाषांतर ढिलं असणार, फुगलेलं असणार, हाताची सर त्याला कुठून, असं त्यांचं म्हणणं. पुढे तीच मंडळी तेच वापरायला लागली. बाई म्हणाल्या, "सगळ्याच खात्यांत असंच होतं."

मग त्यांना खरी गंमत सांगितली. आमचा दुभाष्या आमच्याच भाषेत लिहिलेला आहे, म्हणजे त्याला यंत्रात घालायला तोच लागतो. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "मग पहिला कुठून आला?"

पहिला कुठून आला ते मला पाठ आहे. आईच्या खाकी कागदावर, ज्यावर ती ब्लाउजची बेतणी काढायची, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला तू सगळे आकडे हाताने लिहिलेस. मी मोठ्याने वाचायची आणि तू मशीनच्या पुढच्या पट्टीवरच्या कळा वरखाली करायचास. त्या पहिल्या बाळाला मूठभर शब्द कळायचे. जर, तर, पुन्हा, थांब. त्या मूठभर शब्दांत तू जरा मोठा दुभाष्या लिहिलास, तो या बाळाकडून आकड्यांत करून घेतलास, मग त्याच्यात आणखी मोठा. आईला तेव्हा वाटायचं पोरं देवाघरचं काहीतरी करतायत. पुढच्या महिन्यात तिला कळलं की तिच्या बेतण्या संपल्या त्या आपल्यामुळे, तेव्हा तिने आपल्याला चांगलंच धारेवर धरलं.

आणि ती आपली चाचणी. जुना दुभाष्या म्हणजे आजी. आजीला मूळ मजकूर दिला की निघते ती आई. आईला तोच मजकूर दिला की निघते ती लेक. आजी थोडी वेगळी असली तर चालेल, ती जुन्या वळणाची. पण आई आणि लेक एकाच मजकुरातून आल्या, एकाच रीतीने वाढल्या, त्यांच्यात एका आकड्याचाही फरक असता कामा नये. असला तर घराण्यात कुठेतरी खोट आहे. बाईंना हे फार आवडलं. त्यांच्या घरी म्हणे तीन पिढ्या एकत्र राहतात आणि एकीचं दुसरीशी जुळत नाही.

आता मी काय केलं ते ऐक. तुझ्या घराण्याची आजीच नको म्हटलं. तुझा मूळ मजकूर वाचून मी शहाण्यासारखं ठरवलं असतं की सगळं ठीक आहे, तरी पेच उरतोच. मजकूर स्वच्छ असेल, पण त्याला आकड्यांत नेणारी आजीच खोटी असली तर ती आपली खोट गुपचूप आईच्या पदरात टाकणार, आई लेकीच्या, आणि मजकुरात त्याचा मागमूस नसणार. म्हणून मी नव्या मशीनवर, बाजारात मिळते त्या साध्या भाषेत, एक अगदी वेगळी आजी लिहिली. तिचं आपल्या घराण्याशी रक्ताचं नातं नाही. धीमी आहे, ओबडधोबड आहे, पण तुझी भाषा तिला समजते आणि जुन्या मशीनचे आकडे तिला लिहिता येतात. मी तिला परकी आजी म्हणते. तिच्याकडून नवी आई काढायची, जुन्या मशीनवर नेऊन त्या आईकडून नवी लेक काढायची, आणि ती कपाटातल्या टेपवरच्या तुझ्या लेकीशी ताडून बघायची. दोन निराळ्या आज्यांच्या नाती हुबेहूब एक निघाल्या, तर घराण्यात खोट नाही.

तुझा मजकूर वाचताना मजा आली. मध्ये मध्ये तू स्वतःसाठी टिपणं लिहून ठेवली आहेस. एका ठिकाणी लिहिलंयस, "इथे घाईबाईशी भांडण झालं. तिचंच बरोबर निघालं. तिला सांगायचं नाही." बरं.

काम छान चाललंय. काळजीचं काही नाही. आज एवढंच, डोकं दुखतंय.

घाईबाई


२ मार्च

दादा,

मागच्या पत्रात काम छान चाललंय म्हणून लिहिलं ते साफ खोटं होतं. ते पत्र लिहायला बसले त्याच्या तासभर आधी मी नवी लेक काढली होती आणि तुझ्या लेकीशी ताडली होती. तुझाच ताडणीचा प्रोग्रॅम, जुन्या मशीनवरचा, सगळ्या आकड्यांची एक मोठी बेरीज करणारा. दोन्ही बेरजा सारख्या आल्या तर तो "एकच" छापतो.

त्याने "एकच नाही" छापलं.

हेच शब्द तू त्या वेळी वाचलेस. मी तेव्हा तुझ्या मागे उभी होते. तू कागद फाडून घेतलास, घडी घातलीस आणि समितीच्या अध्यक्षांच्या हातात दिलास. आई आणि लेक जुळत नाहीत, म्हणजे माझ्या कंपायलरमध्ये दोष आहे, कोष्टक चुकलं ते त्यामुळेच, असं अगदी शांतपणे सांगितलंस. मग आठवडाभरात तू गेलास.

तेव्हा मी ती टेप खणात टाकली आणि तुला गोडगोड पत्र लिहिलं. खरं म्हणजे पुढचं पाऊल मला माहीत होतं. बेरीज फक्त "नाही" म्हणते, कुठे नाही ते सांगत नाही. जुन्या मशीनची ताकद तेवढीच होती. नव्या मशीनवर दोन्ही टेपा घातल्या तर एकेक आकडा समोरासमोर ठेवून बघता येतो आणि कुठे कुठे फरक आहे याची यादीच निघते. मला ती यादी नको होती. पानंच्या पानं निघतील आणि त्या पानांत कप्तानकाकांची कंबर असेल, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. बाई रोज दारातून डोकावून "कुठवर?" विचारायच्या आणि मी "होतंय" म्हणायची. भिजत घोंगडं ठेवण्यात मी तुझ्याही पुढे गेले, आणि लोक मला घाईबाई म्हणतात.

काल आईने विचारलं, तोंड पाडून का बसतेस. मी सांगितलं. सगळं नाही कळलं तिला, पण टेप खणात आहे एवढं नेमकं कळलं. म्हणाली, "खणात ठेवून ती काय अंडी घालणार आहे? वाईट असेल तर वाईट. त्याने बारा वर्षं वाईटच धरून काढली आहेत, आणखी किती वाईट होणार?"

तिने तुझं नाव काढून रडणं कधीच सोडलं आहे, दादा. काल रडली.

उद्या बघते. हे पत्र आजच टाकतेय, म्हणजे उद्या मला माघार घेता येणार नाही.

घाईबाई


३ मार्च

दादा,

बसला असशील तर ठीक, नसशील तर बस.

यादी एका ओळीची आली.

एक ओळ. एवढा मोठा दुभाष्या, हजारो आकडे, आणि दोन लेकींमध्ये फरक फक्त एका जागी, अगदी सुरुवातीला. मी तिथले आकडे अक्षरांत वाचून पाहिले. नव्या लेकीत लिहिलं होतं या १९ फेब्रुवारीची तारीख. तुझ्या लेकीत होती त्या वर्षीची, चौकशीच्या दिवसांतली, १६ तारीख.

तारीख, दादा. ती तयार झाली त्या दिवसाची तारीख.

आठवलं का? मोठ्या साहेबांचं ते टुमणं. धक्क्यावर जुनी-नवी कोष्टकं एकमेकांत मिसळतात, म्हणून प्रत्येक कागदावर प्रोग्रॅम कधीचा आहे ते छापून आलं पाहिजे. बोटीच्या अपघाताच्या महिनाभर आधी तू वैतागून कंपायलरमध्येच सोय करून टाकलीस, की जे काही आकड्यांत नेशील त्याच्या माथ्यावर आजची तारीख ठोक. साहेब खूश झाले आणि तू ते विसरलास. पण कंपायलर स्वतःलाही आकड्यांत नेतो ना. तो स्वतःच्याही कपाळावर तारीख ठोकायला लागला.

इतर वेळी कधी कळलं नाही, कारण आई आणि लेक आपण एकाच दुपारी काढायचो. दोघींच्या कपाळावर एकच तारीख, बेरीज तीच. चौकशीच्या वेळी मात्र तू आई काढलीस आणि समितीवाल्यांनी खोलीला सील ठोकलं, कुणी काही लपवू नये म्हणून. सील निघाल्यावर तू लेक काढलीस. त्या दोन टेपा अजून कपाटात आहेत, समितीची लाख अजून चिकटलेली. मी आत्ता त्याही समोरासमोर ठेवून पाहिल्या. आईवर १४, लेकीवर १६. बाकी सगळं, एकूण एक, सारखं.

एवढंच होतं. एवढ्यासाठी तू गेलास.

मी तिथेच मोठ्याने हसायला लागले. शिपाईकाका पाणी घेऊन धावत आले, त्यांना वाटलं बाईंनी मला काढून टाकलं. मग हसता हसता रडायला आलं, मग पुन्हा हसू. बाई आल्या, त्यांना पडद्यावरची ओळ दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, ओळ वाचली, खाली केला, परत वाचली. "म्हणजे दुभाष्या खोटं बोलत नव्हता?" मी म्हटलं, नव्हता, फक्त त्या दिवसाची तारीख सांगत होता. त्या म्हणाल्या, "घरी जा आज."

गेले नाही. आधी परक्या आजीकडून भरतीचा प्रोग्रॅम नव्याने आकड्यांत करून घेतला आणि त्या दिवसाचं कोष्टक काढलं, बोट रुतली त्या दिवसाचं. तुझ्या कंपायलरच्या कोष्टकात त्या वेळेला जेवढं पाणी छापलंय, तेवढंच आलं. बोटभरही इकडेतिकडे नाही.

माझा जीव भांड्यात पडला. आणि तुझा राग आला, तोही लिहून टाकते, उद्या राहायचा नाही. तू एवढा हुशार माणूस, यंत्राने "नाही" म्हटल्यावर एकदाही "कुठे?" म्हणून विचारलं नाहीस. मान्य, मशीनला सांगता येत नव्हतं. पण तू चार दिवस मागून घेतले असतेस तर हाताने शोधून काढलं असतंस, हे तुलाही माहीत आहे. कप्तानकाका पलंगावर पडलेले बघून आल्यापासून तुला स्वतःच दोषी असायचं होतं. यंत्राने ते म्हटलं आणि तुला बरं वाटलं. हे मी तेव्हाही पाहिलं होतं.

आता ते बरं वाटणं पुरे झालं.

घाईबाई


११ मार्च

दादा,

तू अजून गप्प आहेस. ठीक आहे. पण एक टोक लोंबकळत होतं ते आधी बांधायला हवं होतं. कोष्टक बरोबर असेल, तर बोट रुतली कशी? हा प्रश्न तूही विचारशील, म्हणून तू विचारायच्या आत मी कप्तानकाकांकडे जाऊन आले.

बारा वर्षांत मी त्यांच्या घरी गेले नव्हते. रस्त्यात दिसले की पलीकडच्या पदपथावर जायची. शरमच वाटायची. काल त्यांचं दार वाजवलं. काठी टेकत आले, मला ओळखलं, म्हणाले, "कोण, घाईबाई? एवढा उशीर?"

खिडकीशी बुद्धिबळाचा पट मांडलेला. एकटेच दोन्हीकडून खेळतात. मी परक्या आजीपासून सगळं सांगायला सुरुवात केली, त्यांनी मध्येच हात वर करून थांबवलं.

"पाणी कोष्टकाइतकंच होतं गं," म्हणाले. "धक्क्यावरची मोजपट्टी मी स्वतः बघून बोट सोडली. पाणी होतं तेवढं होतं. खालची वाळू वर आली होती. त्या वर्षी खाडीचं तोंड भरत आलं होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो की. समितीवाले पलंगाशी आले तेव्हा सांगितलं. त्यांनी माना हलवल्या. तोवर त्यांच्या हातात तुझ्या भावाची कबुली पडली होती. कबुली मिळाल्यावर वाळू कोण मोजायला जातो?"

मला एकदम आठवलं. तू गेल्यावर त्याच उन्हाळ्यात गाळ काढणारं ते जहाज येऊन खाडीच्या तोंडाशी महिनाभर घरघरत होतं. आपल्याच खिडकीतून दिसायचं. आवाजाने बेजार होऊन मी खिडकी लावून घ्यायची. कुणीतरी गुपचूप वाळू काढून घेत होतं आणि मी खिडकी लावून भरतीची कोष्टकं छापत होते.

मी विचारलं, तुमचा राग नव्हता त्याच्यावर? ते म्हणाले, "होता ना. दवाखान्यात दारापर्यंत आला, चौकटीला हात लावून उभा राहिला आणि आत न येताच गेला. त्याचा राग अजून आहे. मला वाटलं होतं, दोषाचं काय ते बसून बोलू, वाळूचं सांगू, एखादा डाव खेळू. तुझ्या भावाला सांग, मला हरवणारं इथे कुणी उरलेलं नाही, आणि स्वतःशी खेळून मी फार लबाड झालोय."

त्यांनी हे सगळं बाईंना लिहून द्यायचं कबूल केलं आहे. बाईंनी समितीचं जुनं दफ्तर मागवलंय. त्यात काय निघेल ते निघेल, पण कंपायलरचा निकाल त्यांनी काल लावला. नव्या मशीनवर न्यायचा. फक्त एक अट घातली, "ती तारीख आधी काढा."

तारीख मी काढलेली नाही. ती ओळ तुझी आहे. तिथे तुझं टिपणही आहे, "साहेबांच्या समाधानासाठी. तात्पुरतं." तूच काढ. जुनं मशीन महिनाअखेरीला जाईल. त्याच्या आत आलास तर त्यावर शेवटची आई आणि शेवटची लेक तुझ्याच हाताने निघतील.

आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मशीनवरचं कापड काढलं, बसली, आणि एक शिवण घालून उठली. "एवढंच ना? मग आता येऊ दे त्याला," म्हणाली. तू नुसता बाजारात गेला होतास असं वाटावं, इतक्या सहज.

घाईबाई


घाईबाई,

तुझी पत्रं एकेक करून आली आणि मी ती एकेक करून शिलाई यंत्रांच्या खोक्यात न उघडता ठेवली. तू होकार मागितला होतास, हे म्हणून कळलंच नाही. शेवटचं पाकीट जाड होतं. ते उघडलं, मग बाकीची उघडली.

तुझ्यावर विश्वास आहे, पण तुझा घाईचा स्वभाव मला ठाऊक आहे. म्हणून त्या दिवसाच्या भरतीचं गणित मी हाताने केलं. चंद्राचे, सूर्याचे सगळे आकडे मला अजून पाठ आहेत. ते आठवायचे नाहीत म्हणून मी यंत्रांच्या सुया बसवत होतो, तरी पाठ आहेत. दुकान बंद ठेवलं. शेजारच्या चांभाराला वाटलं मी आजारी आहे, तो रोज दार वाजवून जायचा. कोष्टकात छापलंय तेवढंच पाणी आलं. दोनदा केलं. दोन्ही वेळा तेवढंच.

मग मी बाकावर बसून राहिलो. काय वाटलं ते मला नीट लिहिता येत नाही. खांद्यावरून काहीतरी उतरलं आणि खांदा तसाच उचललेला राहिला, असं काहीसं. दोन दिवस झाले, आता खाली येतोय.

तू रागावून लिहिलंस ते खरं आहे. मला बरं वाटलं होतं. कुणीतरी दोषी असायला हवं होतं, आणि मी माझ्या हाताशी होतो. आईकडे मला तोंड दाखवायला जागा नाही, पण तिने जागा केलेली दिसते. कप्तानकाकांना सांग, पट मांडून ठेवा, आणि पांढरी मोहरी माझी.

येत्या शनिवारी दुपारच्या गाडीने येतो. तेलाची बाटली, नवा पट्टा आणि सुया घेऊन येतो. तोपर्यंत आईच्या मशीनला कुणी हात लावू नका, तूही नाही. ती तारखेची ओळ मी काढतो. तुझी परकी आजी मला बघायची आहे. एवढी धीमी कशी काय केलीस, तू?

हे पत्र मी दोनदा लिहिलं आहे, दोन्ही प्रती या पाकिटात आहेत. एक आईची, एक लेकीची. वर तारीख मुद्दाम घातलेली नाही. ताडून बघा.

दादा